'कोणत्याही वेळी' : थांबलेला खटला पुन्हा सुरू कधी होतो?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी लिहिलेल्या माझ्या पहिल्याच मसुद्यात एक वाक्य होतं : वेडाच्या मुद्द्यावर आरोपीला शिक्षा होत नसे, त्याला वेड्यांच्या इस्पितळात पाठवत. गाइडनी त्याखाली लाल रेघ मारली आणि समासात तीन शब्द लिहिले, "कुठल्या दिवशीचं वेड?"

दोन आठवडे मला तो प्रश्नच कळला नव्हता. कळला तेव्हा अख्खं प्रकरण नव्याने लिहावं लागलं. तुमच्यापैकी कुणी कायद्याच्या, तुरुंगांच्या किंवा मानसिक आरोग्याच्या इतिहासावर काम करणार असाल तर ही चूक तुम्हीही करणार, म्हणून आधी तेच सांगते. (वेडा, पागलखाना हे शब्द जुन्या कागदांतले आहेत म्हणून इथे येतील. आजच्या कायद्याच्या मराठीत 'मनोविकल' म्हणतात. तो तरी किती बरा, हा वेगळा विषय.)

म्हणजे बघा, फौजदारी कायद्यात आरोपीच्या मनाबद्दल दोन निरनिराळे प्रश्न विचारले जातात. पहिला : गुन्हा घडला त्या दिवशी तो शुद्धीवर होता का? २०२४ पर्यंत भारतीय दंड संहितेचं कलम ८४ या प्रश्नाचं होतं. उत्तर 'नव्हता' आलं तर तो निर्दोष. दुसरा प्रश्न : आज, कोर्टात उभं असताना, त्याच्यावर काय आरोप आहे, कोण काय साक्ष देतंय, हे त्याला कळतंय का? वकिलाला काही सांगता येईल का? उत्तर 'नाही' आलं तर तो दोषीही नाही आणि निर्दोषही नाही. खटला तिथेच थांबतो, आणि आरोपी बरा होईपर्यंत, बचाव करायला समर्थ होईपर्यंत, सगळ्यांनी वाट पाहायची. माझ्या संशोधनाचा विषय ही वाट पाहणं आहे. ती कोण पाहतं, कुठे पाहतं आणि किती दिवस?

पहिल्या प्रश्नावर ग्रंथालयं भरलेली आहेत. खून, राजावर गोळीबार, कोर्टात डॉक्टरांची जुगलबंदी, सगळं नाट्य तिथे आहे. दुसऱ्या प्रश्नात नाट्य काहीच नाही. एक फाइल बंद होते, कपाटात जाते. पण आयुष्यं या कपाटात जास्त संपलेली आहेत, असं माझं मत होत चाललंय.

आपल्याकडचा कायदा इंग्लंडहून आला, तेव्हा दोन मिनिटं तिकडे जाऊ. २१ जानेवारी १७९० रोजी जॉन फ्रिथ नावाच्या माणसाने तिसऱ्या जॉर्ज राजाच्या गाडीवर दगड फेकला. राजद्रोहाचा खटला उभा राहिला, पण ज्युरीने आधी ठरवलं की हा माणूस खटल्याला तोंड देण्याच्या मनःस्थितीत नाही, आणि खटला चाललाच नाही. दहा वर्षांनी, मे १८०० मध्ये, जेम्स हॅडफील्डने त्याच राजावर नाटकगृहात पिस्तूल झाडलं. त्याचा खटला मात्र पूर्ण चालला आणि कृत्याच्या दिवशी तो वेडाच्या भरात होता म्हणून सुटका झाली. म्हणजे फ्रिथ दुसऱ्या प्रश्नाचा, हॅडफील्ड पहिल्या. पण हॅडफील्ड मोकळा फिरणार या धास्तीने संसदेने त्याच वर्षी घाईघाईत कायदा केला आणि त्यात दोघांनाही एकाच दावणीला बांधलं : सुटलेला असो की खटलाच न चाललेला, राजाची मर्जी होईपर्यंत बंदोबस्तात ठेवायचं. मुदत नाही. पुढच्या दोनशे वर्षांचा घोळ इथून सुरू होतो.

आता एक गंमत सांगते, म्हणजे गंमत कसली. 'खटल्याला समर्थ' म्हणजे काय, हे ज्या निकालांनी ठरवलं त्यातले आरोपी बहुतेकदा आपण ज्याला वेड म्हणू तसे वेडे नव्हतेच. १८३१ मधली एस्थर डायसन, आपल्या मुलाच्या खुनाचा आरोप असलेली, मूकबधिर होती. १८३६ चा प्रिचर्ड, ज्याच्या खटल्यात न्यायाधीश ऑल्डरसन यांनी घालून दिलेले निकष अजून इंग्लंडमध्ये उद्धृत होतात, तोही मूकबधिर. तो मुद्दाम गप्प आहे की खरंच बोलू शकत नाही? आरोपाला उत्तर देऊ शकतो का? आणि कामकाज समजून बचाव करण्याइतकी बुद्धी त्याला आहे का? असे ते तीन प्रश्न होते. नीट पाहिलं तर मुळात अडचण होती कोर्टाची भाषा आणि आरोपीची भाषा यांची गाठ न पडण्याची. पण १८०० च्या कायद्यात कप्पा एकच होता, वेडाचा. म्हणून ही माणसं त्या कप्प्यात गेली.

हे का महत्त्वाचं? 'बरा होईपर्यंत' ही अट तापातून उठणाऱ्या माणसाला ठीक आहे. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या, कुणी खुणांची भाषासुद्धा न शिकवलेल्या माणसाने 'बरं' कशातून व्हायचं?

भारतात वेडसर गुन्हेगारांच्या बंदोबस्ताचा स्वतंत्र कायदा १८४९ मध्ये झाला, पागलखान्यांचा कायदा १८५८ मध्ये, आणि १८६१ मध्ये पहिली फौजदारी प्रक्रिया संहिता आली. मी मुख्यतः १८९८ च्या संहितेवर काम करते, कारण तीच १९७३ ची संहिता लागू होईपर्यंत चालली. तिची कलमं ४६४ ते ४७५ एकदा शांतपणे वाचा. आत जाण्याचा रस्ता किती बारकाईने आखलाय! दंडाधिकाऱ्याला शंका आली तर त्याने चौकशी 'केलीच पाहिजे', सिव्हिल सर्जनकडून तपासणी 'करवलीच पाहिजे', सर्जनची साक्ष घेऊन ती लिहून 'काढलीच पाहिजे'. मग खटला तहकूब. कुणी जामीनदार पुढे आला, आरोपीची काळजी घेईन आणि तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार नाही हे पाहीन अशी हमी दिली, तर घरी सोडता येतं. नाही आला तर बंदोबस्तात.

आणि बाहेर येण्याचा रस्ता? कलम ४६७. कोर्ट 'कोणत्याही वेळी' चौकशी किंवा खटला पुन्हा सुरू करू शकेल. बस्स.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे उदार वाटलं होतं. कोणत्याही वेळी, म्हणजे उद्यासुद्धा! पण क्रियापद बघा : 'करू शकेल'. केलंच पाहिजे असं नाही. कायद्याचा मजकूर वाचताना क्रियापदांना वेगळ्या रंगाने खुणा करायची सवय लावून घ्या. 'केलेच पाहिजे' लाल, 'करता येईल' निळा. या प्रकरणाची माझी झेरॉक्स वरच्या अर्ध्यात लाल आहे, खाली आल्यावर निळी होत जाते.

थोडी न्यायाची गोष्टही सांगते. १९१२ च्या भारतीय वेडेपणा कायद्याने अशा माणसाला दर सहा महिन्यांनी निदान एकदा तरी भेटायचं बंधन घातलं. तुरुंगात असेल तर तुरुंग महानिरीक्षकाने, इस्पितळात असेल तर दोन अभ्यागतांनी. मनाची अवस्था पाहून अहवाल द्यायचा. म्हणजे घड्याळ होतं. पण ते फक्त भेटीचं घड्याळ होतं. अहवाल ज्याच्या आदेशाने माणूस डांबला त्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा प्रांतिक सरकारकडे जायचा. खटला अडलेला असायचा कोर्टात. आरोपी बचावाला समर्थ झाला असं प्रमाणपत्र मिळालं की त्याला कोर्टापुढे हजर करायचं होतं, पण कधी? तर कोर्ट नेमेल त्या वेळी. पुन्हा तेच.

साधनांबद्दल एक सूचना. मुंबई इलाख्यातल्या पागलखान्यांचे, म्हणजे कुलाबा, पुणे, धारवाड, अहमदाबाद, सिंधमधलं हैदराबाद यांचे वार्षिक अहवाल नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. तक्ते सुंदर आहेत, आणि तिथेच धोका आहे. इस्पितळाच्या दृष्टीने 'बरा होऊन गेला' हा शेवट असतो. पण गुन्ह्याचा आरोप असलेला माणूस बरा होऊन जातो तो कोर्टाकडे, मधल्या काळात तुरुंगाकडे. इस्पितळाच्या वहीत तो यशस्वी, तुरुंगाच्या वहीत नवा दाखल. एकाच माणसाच्या या दोन नोंदी जोडणारा धागा अहवालात नसतो. तो जिल्ह्याच्या न्यायालयीन कागदांत शोधावा लागतो, आणि मिळेलच असं नाही.

त्या तक्त्यांतल्या 'वेडाचं कारण' या रकान्यावर तर अजिबात भाबडा विश्वास ठेवू नका. त्यात 'गांजा' हा शब्द वारंवार दिसतो. १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने आदल्या काही काळातली अशी प्रकरणं पुन्हा तपासली, तेव्हा निम्म्याहून अधिक टिकली नाहीत. माणूस पोलिसांनी आणलेला असायचा, सोबतच्या कागदावर शिपायाने किंवा दंडाधिकाऱ्याने जे कारण टाकलेलं तेच इस्पितळाच्या वहीत उतरायचं आणि पुढे आकडेवारी म्हणून छापलं जायचं. जेम्स मिल्स यांचं या विषयावरचं पुस्तक इथे नक्की वाचा. माझ्या विषयासाठी त्यातला धडा असा की आरोपीच्या मनाबद्दल कागदावर जे आहे ते पुष्कळदा मनाबद्दल नसतंच, त्याला कुणी पकडलं याबद्दल असतं.

आता ज्या माणसामुळे मी या विषयाला चिकटून राहिले त्याच्याकडे येते. आसाममधल्या तिवा जमातीचे लालुंग. (काही कागदांत त्यांचं नाव 'मचल' आहे, काही बातम्यांत 'माचांग'. शोधताना दोन्ही वापरा, नाहीतर अर्धं साहित्य निसटतं.) १९५१ मध्ये, वयाच्या विशीत, त्यांना अटक झाली. आरोप कलम ३२६ चा, घातक हत्याराने जबर दुखापत. त्यांना तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं गेलं. हे १८७६ पासूनचं जुनं पागलखान्याचं ठिकाण. १९६७ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी ते बरे असल्याचं प्रमाणपत्र दिलं.

इथे थांबून विचार करा. मनोविकारावरचं पहिलं परिणामकारक औषध, क्लोरप्रोमॅझिन, रुग्णांना द्यायला सुरुवात झाली १९५२ मध्ये, फ्रान्सात. म्हणजे लालुंग आत गेले तेव्हा आज आपण जे उपचार म्हणतो ते जवळपास नव्हतेच. उपचारांनी असो, काळाने असो, सोळा वर्षांनी ते बरे झाले. १८९८ च्या कायद्याला जे हवं होतं ते सगळं झालं. आणि त्यांना घरी नाही, कोर्टात नाही, गुवाहाटीच्या तुरुंगात पाठवण्यात आलं. खटला सुरू झालाच नाही. आणखी अडतीस वर्षं. मानवी हक्क आयोगाने लक्ष घातल्यावर जुलै २००५ मध्ये ते बाहेर आले, सत्तरी ओलांडून. एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. १९५१ मध्ये जामीनदार नव्हता. ५४ वर्षांनी कोर्टाला तो लागलाही नाही. सुप्रीम कोर्टाने नंतर तीन लाख रुपये भरपाई आणि दरमहा हजार रुपये द्यायला सांगितले. २००७ मध्ये ते वारले.

बऱ्याच बातम्यांत 'या गुन्ह्याला जास्तीत जास्त दहा वर्षं शिक्षा होती' असं आलं. कलम काढून पाहा : जन्मठेप, किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. बातमीतला कायदा नेहमी मूळ मजकुराशी ताडून घ्यावा. अर्थात लालुंग यांच्या बाबतीत त्याने काही फरक पडत नाही. शिक्षा व्हायला आधी खटला चालावा लागतो.

हा अपवाद होता का? मलाही तसंच वाटलं होतं, 'हरवलेली फाइल' वगैरे. पण १९८२ चा वीणा सेठी विरुद्ध बिहार राज्य हा निकाल वाचा. हजारीबागच्या मोफत कायदा सहाय्य समितीने पाठवलेल्या पत्रावरून सुप्रीम कोर्टाने तिथल्या मध्यवर्ती तुरुंगातल्या कैद्यांची चौकशी केली. मनोविकल म्हणून ठेवलेले, नंतर बरे झालेले, आणि तरी दशकानुदशके आतच असलेले लोक निघाले. न्यायमूर्ती भगवतींच्या खंडपीठाने त्यांना सोडायला तर सांगितलंच, पण गावी जायचा प्रवासखर्च आणि आठवडाभराच्या पोटापाण्याची सोयही सरकारने करावी असा आदेश दिला. मला तो प्रवासखर्च फार बोलका वाटतो. हजारीबाग आणि तेजपूर यांत शेकडो मैलांचं अंतर, राज्यं वेगळी, कारकून वेगळे. फाइल एका कारकुनाकडून हरवू शकते. दोन्हीकडे तीच गोष्ट घडते तेव्हा कारकुनाऐवजी कलमाकडे बघावं लागतं.

तुलनेसाठी अमेरिकेतला एक खटला घेते, कारण नेमका हाच प्रश्न तिथे थेट विचारला गेला. इंडियाना राज्यातला थिऑन जॅक्सन, वय २७, मूकबधिर, बौद्धिक वाढ लहान मुलाएवढी. आरोप दोन चोऱ्यांचा : एकीत पर्स आणि आतला ऐवज मिळून चार डॉलर, दुसरीत पाच. शहाणा होईपर्यंत ठेवा, असा आदेश झाला. तो सुधारण्याची फारशी आशा नाही, असं डॉक्टरच सांगत होते. म्हणजे नऊ डॉलरसाठी जन्मठेप, तीही खटल्याविना. १९७२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की केवळ खटल्याला असमर्थ म्हणून माणसाला बेमुदत ठेवता येणार नाही. नजीकच्या काळात तो समर्थ होण्याची खरीखुरी शक्यता आहे का, हे पाहण्यापुरता वाजवी काळच ठेवता येईल. शक्यता नसेल तर इतर कुठल्याही नागरिकाला लागू होते ती दाखल करण्याची दिवाणी प्रक्रिया वापरा, नाहीतर सोडा. प्रिचर्डनंतर १३६ वर्षांनी, पुन्हा एका मूकबधिर माणसाच्या निमित्ताने, कुणीतरी 'किती दिवस' हे विचारलं.

मात्र त्याला आदर्श समजू नका. 'वाजवी काळ' म्हणजे नेमका किती, हे कोर्टाने सांगितलं नाही. राज्याराज्यांत वेगवेगळे अर्थ लागले. शिवाय घड्याळ लावलं की घाई येते. आरोपीला लवकर 'समर्थ' करायचं म्हणून त्याच्या इच्छेविरुद्ध औषध द्यायचं का, हा प्रश्न २००३ च्या सेल खटल्यात उभा राहिला. कोर्टाने कडक अटी घालून 'कधीकधी' असं उत्तर दिलं. मला हे वाचताना अवघडल्यासारखं होतं. रुग्ण बरा व्हावा म्हणून औषध देणं आणि त्याच्यावर खटला चालवता यावा म्हणून देणं, गोळी तीच असली तरी, एक नव्हे. वसाहतकाळातल्या पागलखान्यातही ही गाठ होतीच. खुनाचा आरोप असलेला माणूस बरा झाला की तो फाशीच्या शक्यतेकडे परत निघायचा, आणि तसं प्रमाणपत्र त्याच्यावर उपचार करणाऱ्यांच्या साक्षीनेच मिळायचं.

आपल्याकडे नंतर काही बदललं. २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा बंद्यांचे नियमित अहवाल थेट संबंधित कोर्टाकडे जावेत, आणि वेळेत आले नाहीत तर कोर्टाने मागवावेत, असं सांगितलं. म्हणजे १९१२ च्या अहवालाला अखेर योग्य पत्ता मिळाला. २००९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने सिव्हिल सर्जनच्या पुढची पायरी म्हणून मनोविकारतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणले, त्यांच्या मतावर वैद्यकीय मंडळाकडे दाद मागायची सोय केली. कच्च्या कैद्यांना कमाल शिक्षेच्या ठरावीक हिश्श्यानंतर सोडण्याची तरतूदही आहे, पण सर्वांत गंभीर गुन्ह्यांना ती लागू नाही, आणि घरी नेणारा माणूस नसेल तर प्रश्न तिथेच अडतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर स्पष्ट म्हटलं की मानसिक आजार आहे म्हणजे माणूस मनोविकल असं समजायचं नाही, सक्षम कोर्टाने तसं ठरवेपर्यंत.

आणि मग २०२३ ची भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, १ जुलै २०२४ पासून लागू झाली. मी सगळ्यात आधी कलम ३७० काढलं. जुन्या ४६७ चा, मधल्या ३३१ चा वारस. माणूस मनोविकल राहिला नाही की कोर्ट 'कोणत्याही वेळी' खटला पुन्हा सुरू करू शकेल.

माझ्या झेरॉक्सवर त्याला निळी खूण आहे. सध्या मी १८६१ ते २०२३ पर्यंतच्या सगळ्या संहितांतली ही एक ओळ एकाखाली एक लावून ठेवलीये, आणि प्रत्येक वेळी समितीत किंवा विधिमंडळात तिच्यावर कुणी अवाक्षर काढलं का, ते चर्चांच्या खंडांत शोधतेय. तुमच्यापैकी कुणाला एम.ए.च्या प्रबंधासाठी छोटा, आवाक्यातला विषय हवा असेल तर १९७३ च्या संहितेआधीच्या विधी आयोगाच्या अहवालातलं हे प्रकरण घ्या. दोन महिन्यांचं काम आहे. गाइड विचारतील, "कुठल्या दिवशीचं वेड?" त्याचं उत्तर तयार ठेवा.